चार नंबरच्या नऊ मात्रा

कलकत्त्याहून गिटारींचं खोकं आलं, की मामाच्या अकोल्याच्या दुकानात भाताच्या पेंढ्याचा वास पसरायचा. कडब्याचा वास आमच्याकडे कुणालाही ओळखता येतो, सरकीचा तर येतोच येतो. पण भाताचा पेंढा म्हणजे परमुलूख. फळ्या उचकटल्या की त्या पेंढ्यात बारा गिटारी ओळीनं निजलेल्या असायच्या. एकाच कारखान्याच्या, एकाच मापाच्या, एकाच तपकिरी रंगाच्या. प्रत्येकीच्या मानेला एक ते बारा यांतल्या एका आकड्याची चिठ्ठी. आणि बाराही जणी वेगळ्या बोलायच्या. असं का, हे मी पुढे आयुष्यभर लोकांना विचारत आलो. कारागीर लाकडाचं नाव सांगतो, दुकानदार कारखान्याचं सांगतो आणि वाजवणारा स्वतःचं. मामा एवढंच म्हणायचा, "मले काय इचारतं? तिलेच इचार." मग तो एकेक गिटार मांडीवर घेऊन वाजवून बघायचा आणि खुंट्यांच्या मागे खडूनं रेघा ओढायचा. एक रेघ म्हणजे बोलकी, दोन म्हणजे घुमी आणि तीन म्हणजे खोकली. खोकली म्हणजे जिची तार पट्टीवर घासून खर्र करते ती. मी त्याच्याकडे राहायला गेलो त्या आठवड्यापासून तो तिसऱ्या जातीला 'बसकी' म्हणू लागला. शब्द का बदलला हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घराण्यात तेव्हा न विचारण्याची साथच होती.

मी वाद्यांचा धंदा शिकायला अकोल्याला गेलो, असं अमरावतीत सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. माझे वडील, नाना, अंबापेठेत भिक्षुकी करायचे. मॅट्रिक झालेला, पाठांतराचा पक्का असा एकुलता मुलगा त्यांनी पेट्या आणि तबले विकायला पाठवला, यावर त्यांच्या एकाही यजमानाचा विश्वास बसला नसणार. पण यजमानही बोलले नाहीत. खरी गोष्ट अशी, की माझ्या रुमालावर रक्त आलं होतं. आईनं तो रुमाल धुतला, वाळत घातला नाही, घडी करून ओलाच कुठेतरी टाकून दिला, आणि त्या दिवशी कढी-गोळ्यांचा स्वयंपाक केला, कारण ते मला आवडत. त्या आजाराचं नाव आमच्या घरात घेत नसत. 'ते' म्हणत. 'ते' माझ्या काकांना झालं होतं. मी आठ वर्षांचा असताना त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकत गृहपाठ केलेला आहे. एक दिवस भिंत गप्प झाली, आणि मला, पोरवयात वाटू नये ते वाटलं, की आता बरं वाचता येईल. रुमाल पाहिला तेव्हा मला काका आठवले नाहीत, ती गप्प भिंत आठवली. ताईचं लग्न धामणगावला ठरत आलं होतं. 'ते' तिथे कळलं असतं तर धामणगावच्या मंडळींनी पत्रिकेत काहीतरी मंगळ शोधून काढला असता. म्हणून बडनेऱ्याहून गाडीत बसवून मला मामाकडे पाठवलं. अमरावतीत उपचार नव्हते असं नाही. अमरावतीत ओळखीचे लोक होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि रोज एक सुई लिहून दिली. ती संपूर्ण मुदत घ्यायची, एकही चुकवायची नाही, असं बजावलं. शेवटी उठता उठता म्हणाले, "कानात आवाज यायला लागला, चक्कर आली, तर त्याच दिवशी सांगायचं. ही सुई बंद करू." मी मान डोलावली. त्या वाक्यातले शेवटचे दोनच शब्द माझ्याबरोबर जिना उतरून खाली आले. काकांच्या वेळी ही सुई त्यांना मिळाली नव्हती, एवढं मला माहीत होतं. म्हणजे काका आणि मी यांच्यात काय फरक होता, तर ही सुई. ती बंद झाली की फरक संपला. इतकं साधं गणित मांडायला मला कुणाची मदत लागली नाही, आणि ते चुकलंय हे सांगायला कुणी नव्हतं, कारण ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याबद्दल विचारणार तरी कसं?

मामाचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. मामी शिस्तीची बाई. मी आलो त्या दिवशी डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे माझं ताट, वाटी, पेला वेगळा काढायचा होता. मामीनं काय केलं, तर घरातली सगळी ताटं भांडेवाल्याकडे नेली आणि प्रत्येकावर नाव घालून आणलं. मामाचं मामाच्या ताटावर, तिचं तिच्या, माझं माझ्या. "आता ज्यानं त्यानं आपलंच ताट घ्याचं. कोनाचं उष्टं कोनाले नको," असं ती जेवायला बसताना मामाला उद्देशून म्हणाली, जणू इतकी वर्षं मामाच तिच्या ताटात जेवत होता. माझं एकट्याचं वेगळं ताट असं त्या घरात कधी नव्हतंच. ते ताट आजही माझ्याकडे आहे. नाव कोरणाऱ्यानं 'विनायक' मधला 'य' उलटा काढलाय. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, पाटवड्यांचा रस्सा, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं दूध, लोणी. प्रश्न होता अंड्यांचा. रोज दोन. मामीनं स्पष्ट सांगितलं, "माह्या चुलीवर नाई. दुकानात तुमी काय शिजवता ते पाहाले मी येत नाई."

दुकानात सरस शिजवत. फुटलेल्या पेट्या नि उखडलेल्या पट्ट्या चिकटवायला सरसाचं भांडं दिवसभर स्टोव्हवर असे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान भांड्यात सरस, म्हणजे तो करपत नाही. मामा त्या बाहेरच्या पाण्यात दोन अंडी सोडायचा. एका भिक्षुकाच्या मुलाची अंडी सरसाच्या वाफेवर उकडतात आणि शेजारी सतारीचा भोपळा वाळतोय, असं चित्र. अंड्यांना सरसाची किंचित चव यायची. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा करतात हे कळल्यावर मी मामाला विचारलं, की मामीला हे माहीत आहे का? तो म्हणाला, "लेका, जे चिकटून राहते त्याले कोनी जात इचारत नाई."

दोन महिन्यांत मला बरं वाटू लागलं. खोकला ओसरला, गालांवर मांस आलं. मामानं मला खोक्यातल्या गिटारींच्या जाती लावायला बसवलं. माझा कान नानांनी घडवलेला होता. लहानपणापासून त्यांच्यासमोर वेदपाठाला बसून, त्यांच्या हाताच्या वर-खाली होण्याबरोबर स्वर वर-खाली करायचा, मात्रा मोजायच्या, एखादी कमी पडली तर पुन्हा पहिल्यापासून. त्या विद्येचा गिटारींना असा उपयोग होईल हे ऋषींच्या ध्यानीमनी नसेल. मी सगळ्यात बारीक तार घ्यायचो, पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला बोट दाबायचो, एकदाच छेडायचो आणि आवाज पूर्ण मरेपर्यंत मनात मात्रा मोजायचो. त्या खोक्यातल्या अकरा नंबरच्या गिटारीचा आवाज सहा मात्रांत मरायचा. गोल, मऊ, आणि जरा बोदा. चार नंबरचा नऊ मात्रा चालायचा. शेवटच्या दोन मात्रांत तर तार गप्प झालेली असायची आणि लाकूडच काहीतरी म्हणत असायचं, घासलेल्या पितळेवर ऊन पडावं तसं. चार नंबरला मी एक रेघ ओढली. मामानं तपासली आणि मान डोलावली.

मामाची तपासायची रीत मात्र मला नाटकी वाटायची. तो गिटार छातीशी उचलून तिच्या खांद्याच्या कडेवर आपला जबडा टेकवायचा, डोळे मिटायचा आणि तार छेडायचा. गिऱ्हाइकं भारावून जायची. अकोल्यातल्या चार कार्यक्रमांना जाणारे लोक सांगायचे, की काय तो कान, वाद्याशी कसा एकरूप होतो माणूस! मी सतरा वर्षांचा, आणि सतराव्या वर्षी दुसऱ्याचं सोंग फार लवकर ओळखू येतं. मामा धंद्यासाठी हे करतो असं मी ठरवून टाकलं होतं. एकदा मामीसमोर त्याची नक्कल केली, ताटावर जबडा टेकवून. मामी हसली नाही.

सुई टोचायला कंपाउंडर असायचे. उकळलेल्या पाण्यातून पिचकारी काढायची, पांढऱ्या भुकटीच्या कुपीत पाणी सोडायचं, कुपी तळहातात घोळवायची आणि सुई वर धरून विचारायचं, "कान ठीक?" मी म्हणायचो, "ठीक." मग टोचायचं. रोज हाच संवाद, देवळातल्या घंटेइतका बिनअर्थाचा. आणि एके दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मला रातकिडा ऐकू आला. भर उन्हात. मी पेंढा उचलून पाहिला, खोकं हलवलं, मामाला विचारलं, "किडा ओरडतोय का कुठे?" तो म्हणाला, "अथी? नाई बाप्पा." मी बाहेर रस्त्यावर आलो. किडा माझ्याबरोबर आला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडरनी सुई वर धरून विचारलं, "कान ठीक?" मी म्हणालो, "ठीक." आधीच्या साठ वेळा तो शब्द बिनअर्थाचा होता. त्या दिवशी तो खोटा झाला, आणि माझ्याच तोंडून निघताना मला तो लांबून आल्यासारखा वाटला.

त्या दिवसापासून मी दुकान उघडायच्या वेळी मामाच्या आधी पोचायला लागलो. झाडून घ्यायच्या निमित्तानं चार नंबर काढायचो, बोट तिथेच ठेवायचो, छेडायचो. नऊ. मग अकरा नंबर. सहा. म्हणजे ठीक आहे. किडा आहे, पण कान आहेत. आठवडाभरानं चार नंबरच्या आठ आल्या. मी पुन्हा छेडली. आठ. तार जुनी झाली असेल म्हणून नवी चढवली. आठ. मग हवेत कोरडेपणा आला असेल, लाकूड आक्रसलं असेल. वाचलेलं सगळं ज्ञान मी त्या एका मात्रेच्या बचावासाठी उभं केलं. पुढच्या आठवड्यात सात. पितळेवरचं ऊन गेलं होतं. सकाळी विहिरीवर तोंड धुताना साबणानं डोळे मिटले की जमीन एका बाजूला कलायची; एकदा मी रहाटावर जाऊन आपटलो आणि मामीला सांगितलं, शेवाळ होतं. रोज सकाळी दुकानाच्या कुलपात किल्ली घालताना माझे हात गार पडायचे. आतमध्ये बारा गिटारी होत्या आणि त्यांतली एक मला आजचा आकडा सांगणार होती. सांगितलं तर सुई बंद, आणि भिंतीपलीकडे काका. नाही सांगितलं तर रोज एक थेंब बहिरेपणा, माझ्याच संमतीनं, कमरेत टोचून. मी दोन्हीकडून मोजून पाहिलं. बहिरा माणूस जिवंत असतो, एवढाच फरक हाती लागायचा. मग मी दवाखान्यात जाऊन "ठीक" म्हणायचो.

आणि मग तो दिवस आला, जेव्हा चार नंबर आणि अकरा नंबर यांत मला काहीच फरक कळेना. दोन्हींच्या पाच. दोघी सारख्याच बोद्या, जणू उशीखाली ठेवून वाजवतोय. मी चिठ्ठ्या पाहिल्या, कुणी अदलाबदल तर केली नाही ना. नेमके त्याच दिवशी अण्णासाहेब आले.

अण्णासाहेब गावातल्या एका संगीतप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते. उन्हाळ्यातही खांद्यावर शाल. त्यांच्या घरी दोन वाद्यं होती आणि दोन्ही काचेच्या कपाटात. आता मुलीला गिटार शिकायची होती. बरोबर मंडळाचे दोघं होते, मान डोलवायला. अण्णासाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आम्हाला नाव नको, नंबर नको, रेघा तर मुळीच नको. आम्ही पाठ करून बसतो. तुम्ही वाजवा. स्वरात ओलावा असेल तर आम्हाला कळेल."

मामानं माझ्याकडे पाहिलं. "विन्या, यातली सगळ्यात चांगली काढ अन् वाजव."

रेघा पाहायला नकोत म्हणून मामानं सगळ्या गिटारींच्या खुंट्या फडक्यांनी झाकल्या होत्या. चिठ्ठ्याही त्याखालीच. रंग एकच. माझ्यासमोर बारा सारख्या गिटारी होत्या. मी एक छेडली, दुसरी छेडली. सगळीकडे तोच रातकिडा. तीन माणसांच्या पाठी माझ्याकडे होत्या आणि मामाचे डोळे. शेवटी त्यातल्या त्यात जी हाताला चांगली वाटली ती उचलली आणि सगळ्या तारांवरून हात फिरवला.

"वा!" अण्णासाहेब पाठमोरेच म्हणाले. "याला म्हणतात गोलाई! हीच." दोन्ही माना डोलल्या.

मामा उठला, गिटार माझ्या हातातून घेतली, जबडा टेकवला, बारीक तार छेडली. डोळे उघडून त्यानं गिटारीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. फडकं सोडलं. अकरा नंबर. मागे दोन रेघा, माझ्याच हाताच्या.

"सायेब, ही नाई," मामा म्हणाला. "पोराच्या हातून चुकली. चार नंबर देतो."

अण्णासाहेब वळले आणि फार समजूतदारपणे हसले. "शेठ, कान आम्हालाही आहेत. हीच बांधा." आणि दोन शाबूत कान असलेला तो गृहस्थ बोदी गिटार घेऊन गाडीत बसला. ती पुढे कपाटातच गेली असणार. तिचंही बरं झालं, ऐकणाऱ्यांचंही.

गाडी गेल्यावर मामानं दुकानाच्या फळ्या लावल्या. भर दिवसा. मी त्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. आत अंधार झाला, सरसाच्या भांड्याखालचा स्टोव्ह तेवढा निळा जळत होता.

"चार नंबर आन," तो म्हणाला. "वाजव. मोज. मोठ्यानं."

मी मोजलं. "पाच."

"पयले किती होत्या?"

"नऊ."

"आता दाढ टेकव. अशी नाई. हाड लागलं पायजे."

मी जबडा टेकवला. लाकडाचा थरथराट दातांत आला. पण आवाज? "पाच."

"नीट टेकव ना बे!"

"पाचच आहेत मामा."

मामा खाली बसला. मग त्यानं गिटार माझ्या हातातून घेतली आणि आधी मांडीवर ठेवून छेडली, नुसत्या कानानं. एक बोट वर धरलं आणि आवाज संपला तसं खाली घेतलं. माझ्या मोजणीनं चार मात्रा. माझ्याहूनही एक कमी! मग त्यानं जबडा टेकवला, डोळे मिटले, छेडली. माझ्यापुरता आवाज संपला तरी बोट वरच होतं. सहा. सात. आठ. नवव्या मात्रेला बोट खाली आलं.

"लहानपनी माहे दोनी कान वाहत होते," तो म्हणाला. "कानानं मले अर्धंच येते. दाढेनं सारं येते. लोकाइले वाटते मी एकरूप होऊन राहिलो." त्यानं गिटार खाली ठेवली. "माह्यं दार अडकलं हाये विन्या, अंदर सारं शाबूत हाये. तुह्यं दार उघडं हाये. तुह्यं अंदरचं चाललं. कवापासून?"

मी सांगितलं. किडा, चक्कर, आठ, सात, सहा, पाच. रोजचं "ठीक." सांगताना मी रडलो नाही, मला वाटतं, मी कुजबुजत होतो आणि मामा माझ्या ओठांकडे बघत होता. त्या क्षणी लक्षात आलं, की तो नेहमीच समोरच्याच्या ओठांकडे बघत असतो.

"काहून नाई सांगतलं?"

"सांगितलं तर सुई बंद करणार. बंद केली की मी मरीन. काकांसारखा."

"कोनं सांगतलं तुले?"

"डॉक्टर म्हणाले, बंद करू."

"बंद करू अन् मंग काय करू म्हने?"

"ते मी विचारलं नाही."

"तू नाई इचारलं. मी नाई इचारलं. तुह्या बापानं नाई इचारलं. लय शहाने लोक हावो बाप्पा आपन." मग त्यानं स्टोव्ह बंद केला, मला सायकलवर पुढे दांडीवर बसवलं, एवढ्या मोठ्या मुलाला, आणि दवाखान्यात नेलं. वाटेत उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. आता सुई बंद होणार आणि मी मरणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दांडी धरलेल्या माझ्या हातांवर मामाचे हात होते.

डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग कंपाउंडरवर, मग कुणीच उरलं नाही म्हणून खिडकीवर. सुई बंद म्हणजे गोळ्या सुरू, म्हणाले. मोठ्या, कडू, रोज मूठभर. सुरुवातीला दोन्ही द्यायचाच विचार होता, पण आत्ताही चालेल, छातीतली जखम चांगली भरून आलीय. मामानं विचारलं, "याचे कान?" डॉक्टर म्हणाले, "गेलं ते येत नाही. आहे ते राहील असं बघू." आजवर इतकं सरळ वाक्य मी फार थोड्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. म्हणजे नऊमधल्या चार मात्रा मी एका न विचारलेल्या प्रश्नासाठी दिल्या होत्या. फक्त विचारायचं होतं, मग काय? दोन शब्द.

मामानं नानांना कार्ड टाकलं, त्यात आजाराचं नाव पूर्ण लिहिलं. पोस्टकार्डावर. ते अंबापेठेतल्या पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलं असणार. तिसऱ्या दिवशी नाना आले. दुकानाच्या पायरीवर चपला काढून आत आले, मला समोर नाही, पाठमोरं बसवलं आणि माझ्या मागे उभं राहून ऋचा म्हणू लागले. त्यांचा आवाज खर्जातला. मी प्रत्येक ओळ तशीच परत म्हटली. ते थोडे मागे सरकले, पुन्हा म्हटलं. मग आणखी मागे, पार दारापर्यंत. मी म्हणत होतो, पण कुठल्या पावलावर ते ऐकू यायचे थांबतील, कळत नव्हतं. ते थांबले नाहीत. दाराशी त्यांचाच आवाज फाटला. मग ते येऊन स्टोव्हजवळ बसले. पातेल्यात माझी दोन अंडी होती. मामा पुढे झाला, पण नानांनी झाऱ्यानं एक अंडं काढलं, ज्या बोटांनी ते दर्भ धरायचे त्यांनी त्याची टरफलं सोलली, पोळलं तरी सोलली, आणि माझ्या हातावर ठेवलं. "खा," म्हणाले. "आणि यापुढे काय होतंय ते मला सांगत जा. नाव घेऊन." घरी जाण्याआधी त्यांनी विहिरीवर स्नान केलं ते केलंच. माणूस एका दिवसात किती बदलणार!

ताईचं लग्न धामणगावलाच झालं. पुढे कळलं, की त्या घरातही एक 'ते' होऊन गेलं होतं, आणि आमचं कार्ड फुटल्यावर ते सुटल्यासारखे झाले होते.

मी अकोल्याहून निघालो त्या दिवशी मामानं चार नंबरच्या खुंट्यांमागची रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि खडू माझ्या हातात दिला. "लिही."

"मला आता कळत नाही मामा."

"तवा कळलं होतं ना? मंग लिही."

मी एक रेघ ओढली. ती गिटार त्यानं विकली नाही, माझ्याबरोबर गाडीत ठेवली.

पुढे मी अमरावतीत कॉलेजात शिकवलं. शेवटच्या बाकावर काय बोलतात हे न ऐकू येणं प्राध्यापकाला उपकारकच ठरतं. रातकिडा अजून आहे. मामा गेला, मामी गेली, नाना गेले, तो आहे. चार नंबरच्या पाच मात्रा पन्नासहून अधिक वर्षं पाचच राहिल्या. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती छेडतो. ही सवय बायकोला कधी आवडली नाही. तिला वाटायचं मी वाजवतो.

गेल्या पावसाळ्यापासून कधी चार यायला लागल्या. परवा तीन. हात तसेच गार पडले, सतराव्या वर्षी कुलपात किल्ली घालताना पडायचे तसे. मी तार बदलली. हवेला दोष दिला. लाकूडही म्हातारं होतंच की, असं स्वतःला समजावलं. दोन दिवस गप्प राहिलो. घरात विचारलं सगळ्यांनी, बरं आहे ना? मी म्हणालो, ठीक. तो शब्द तोंडातून गेल्यावर मला उकळत्या पाण्याचा आणि पिचकारीचा वास आला.

आज सकाळी नातीला हाक मारली. तिची स्वतःची गिटार आहे, फोनला जोडता येते अशी. तिला म्हटलं, समोर बस, बोट वर धर, आवाज पूर्ण संपला की खाली घे. "कशाला आबा? ॲप सांगतं ना," ती म्हणाली, पण बसली. मी चार नंबर छेडली आणि मोजू लागलो. तीनला माझ्यापुरतं सगळं संपलं. तिचं बोट वर होतं. मी मोजत राहिलो, तिच्या बोटाकडे बघत. पाच. सहा. तिनं डोळे बारीक केले, मान जरा पुढे केली. सात, आठ. नवव्या मात्रेला बोट खाली आलं.

"मस्त आहे रे आबा ही," ती म्हणाली. "शेवटी शेवटी काहीतरी चमकतं. तुला येतं ना ऐकू?"

"नाही," मी म्हणालो. "तीनच्या पुढे नाही. परवापासून. तुझ्या बाबाला बोलाव."